“जरा चुरचुरतंय” : केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर

अबोली_स | ८ जून, रात्री ९.४०

हा धागा काढायला मला सात महिने लागले. आईचा हात पूर्ण भरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा केमोच्या डे केअरच्या बाहेर बाकावर एक काकू भेटल्या. पंजा सुजलेला, वर तशीच पट्टी. म्हणाल्या, “केमोत असं होतंच म्हणे.” ते ऐकल्यापासून राहवत नाहीये.

माझी आई ५८ वर्षांची. उजव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या. त्यामुळे उजव्या हाताला ना सुई, ना बीपीचा पट्टा. सगळी भिस्त डाव्या हातावर, आणि त्याच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक. दर २१ दिवसांनी एक अशा ‘एसी’च्या चार सायकल ठरल्या होत्या. यातलं ‘ए’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात.

पहिली सायकल नीट झाली. दुसऱ्या वेळी शीर मिळेना. कोपराखाली दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर फुटली. तिसऱ्यांदा पंजाच्या मागच्या बाजूला, बोटांच्या थोडं वर, इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, बसलं. लाल औषध सिरिंजने सुरू झालं. मी समोरच स्टुलावर बसले होते. आईने एकदा हाताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग डोळे मिटून घेतले. ओठ घट्ट मिटलेले. मी विचारलं, “काय गं आई?” तर म्हणाली, “काही नाही, जरा चुरचुरतंय. औषधच तसं आहे ना.”

मला वाटलं, असेल तसंच. ही चूक माझीही आहे, आणि ती मी इथे मोकळेपणाने लिहितेय.

आणखी चार-पाच मिनिटांनी पंजावर लिंबाएवढा फुगवटा दिसला. सिस्टरने औषध थांबवलं, लगेच सुई काढून टाकली, कापूस दाबून धरला आणि बर्फ आणायला पाठवलं. एक मलम लिहून दिलं. “आऊट झालंय थोडं, उतरेल दोन दिवसांत,” एवढंच ऐकून आम्ही घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पंजा लालभडक. दहाव्या दिवशी फोड. तीन आठवड्यांनी मधली कातडी काळी, चामड्यासारखी कडक. पाचव्या आठवड्यात ऑपरेशन : मेलेला भाग काढून मांडीची कातडी लावली. मधल्या काळात तिसरी सायकल लांबली ती लांबलीच. कॅन्सरसाठी आलो होतो आणि हाताशी झुंजत बसलो.

हॉस्पिटलचं नाव विचारू नका, लिहिणार नाही. लेखी तक्रार दिली आहे आणि त्यांनी ती घेतली आहे. मला इथे एवढंच हवंय की केमोला निघालेल्या प्रत्येकाला काय विचारायचं ते माहीत असावं. जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

मृदगंध | ८ जून, रात्री १०.१५

वाचताना पोटात गोळा आला. आईंना नमस्कार सांगा. माझ्या मामींच्या हातालाही असं झालं होतं, त्यांना कुणीतरी ताजी कोरफड आणि हळद लावायला सांगितली होती. नैसर्गिक असल्याने अपाय तरी नाही, असं वाटतं.

सिस्टर_नंदा | ९ जून, सकाळी ६.५०

रात्रपाळी संपवून लिहितेय, लांबण लागेल.

अबोली, तू चुरचुरण्याबद्दल लिहिलंस ते सोन्यासारखं आहे. मी १४ वर्षं केमो देते. पेशंटला “दुखतंय का?” विचारलं की बाया हमखास “नाही” म्हणतात. बाळंतपणं काढलेली असतात, त्यांच्या हिशेबी हे दुखणंच नव्हे. म्हणून मी तसं विचारतच नाही. “चुरचुरतंय का? झोंबतंय का? आग होतेय का? ताण पडल्यासारखं, जड वाटतंय का? गार ओघळ आल्यासारखा वाटतो का?” असं एकेक विचारते. यातल्या एकालाही “हो” आलं की हात थांबलाच पाहिजे. औषध शिरेत नीट जात असेल तर हाताला काही कळायला नको. केमोचा त्रास पुढे होतो : उलटी, थकवा, केस. सुई आहे तिथे आग होणं ही सहन करायची गोष्ट नाही.

आता औषधांचं. सगळी केमो सारखी नसते. काही औषधं बाहेर गेली तर फारसं काही होत नाही, उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट, ब्लिओमायसिन. काही नुसती जळजळ, सूज करतात, जसं कार्बोप्लॅटिन. आणि काही मांस मारतात. डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन, मायटोमायसिन, व्हिन्क्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन, व्हिनोरेलबीन ही त्यातली. आपल्या कागदावर यातलं काही आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

शीर कुठली, यावर अर्धं काम. कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग सगळ्यात चांगला, तिथे मांस असतं. पंजाच्या मागे कातडी पातळ, खाली लगेच बोटांच्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध. तिथे गळलं तर आईंसारखं होतं. कोपराच्या खळगीतली शीर जाड असते, टोचायला सोपी, पण गळलेलं पटकन दिसत नाही. अजून एक, जे फार थोड्यांना माहीत असतं : त्याच शिरेवर वर नुकतं टोचून फसलेलं असेल, तर तिच्या खालून लाल औषध द्यायचं नाही. वरच्या भोकातून ते बाहेर येतं. अबोली, तुझ्या आईंना वर दोनदा टोचलं होतं. मी तिथे नव्हते, त्यामुळे तसंच झालं असं म्हणत नाही, पण हे वाचून मनात आलं.

औषध सुरू करण्याआधी सलाईन मोकळं धावलं पाहिजे. सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघायचं, आम्ही त्याला बॅकफ्लो म्हणतो. लाल औषध चालू सलाईनच्या कडेच्या नळीतून हळूहळू द्यायचं आणि दर २ ते ५ मिलीला परत बॅकफ्लो. यात घाई चालत नाही. आणि बॅकफ्लो आला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. पेशंट चुरचुरतंय म्हणाला तर त्याचं ऐकायचं.

गळलं तर काय, ते दुपारी झोप झाल्यावर लिहिते.

घाटमाथा | ९ जून, सकाळी ८.३०

मी प्लास्टिक सर्जन आहे. सिस्टरांनी लिहिलंय त्याला अनुमोदन.

मृदगंध, कळकळीने सांगतो, अशा हाताला कोरफड, हळद, तेल, काहीही लावू नका. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, उघड्या जखमेतून जंतू आत गेले तर जिवावर बेतू शकतं. ‘नैसर्गिक’ या शब्दावर जाऊ नका. व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. डॉक्सोरुबिसिन एका सूक्ष्मजीवापासून, ज्याच्या जातीचा शोध इटलीत कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीत लागला. दोन्ही निसर्गातलीच, आणि दोन्ही शिरेबाहेर गेली तर मांस जाळतात.

डॉक्सोरुबिसिनची जखम आठवडेच्या आठवडे का वाढते, ते सांगतो. हे औषध पेशीच्या डीएनएला चिकटून बसतं. ती पेशी मेली की औषध तिच्यातून सुटतं आणि शेजारच्या पेशीत शिरतं. तीही मरते. असं पुढे पुढे. म्हणून पहिल्या दिवशी नुसता फुगवटा, आणि महिन्याने काळी कातडी. भाजल्याच्या जखमेसारखी ही पहिल्या दिवशी पुरती दिसत नाही. “थोडंसंच गेलंय” या वाक्याने सगळे इथेच फसतात, डॉक्टरसुद्धा.

आमच्याकडे पेशंट येतात ते काळं पडल्यावर. खरं तर त्याच दिवशी फोन आला पाहिजे. १९९३ साली डेव्हिड गॉल्ट या ब्रिटिश सर्जननी एक पद्धत मांडली : भूल देऊन कातडीला बारीक छेद घ्यायचे आणि आतला भाग सलाईनने भरपूर धुऊन काढायचा. ती लवकर केली तरच उपयोग. प्रत्येकाला लागते असंही नाही, पण ठरवायला पेशंट वेळेत समोर हवा.

रानवारा | ९ जून, सकाळी ११.०५

अबोलीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बाबांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, वय ६६. परवा दुसरी सायकल, आर-चॉप नावाच्या औषधांच्या संचाची. त्यात डॉक्सोरुबिसिन पण आहे आणि व्हिन्क्रिस्टीन पण. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, हॉस्पिटल ९० किलोमीटर. पहिल्या वेळी पंजाच्या मागेच सुई होती, काही झालं नाही, पण आता वाचून झोप उडाली. गळलं तर बर्फ लावायचा एवढं लक्षात ठेवलंय. थर्मासमध्ये बर्फ घेऊन जाऊ का?

सिस्टर_नंदा | ९ जून, दुपारी ३.२०

रानवारा, थांबा. बर्फ की शेक, हे औषधावर असतं.

डॉक्सोरुबिसिन बाहेर गेलं तर गार. रक्तवाहिन्या आकसतात, औषध पसरत नाही. २० मिनिटं, दिवसातून चारेक वेळा, एक-दोन दिवस, आणि बर्फ कपड्यात गुंडाळून. व्हिन्क्रिस्टीन बाहेर गेलं तर उलट, कोरडा कोमट शेक, म्हणजे औषध पसरून विरळ होतं. तिथे बर्फ लावला तर जखम वाढते. तुमच्या बाबांना एकाच दिवशी दोन्ही आहेत, म्हणून गळलं त्या क्षणी कोणतं औषध चालू होतं ते कळायलाच हवं. थर्मास नेऊ नका. प्रत्येक सिरिंज किंवा पिशवी लावताना सिस्टरला नाव विचारा आणि वहीत वेळेसकट लिहा. आमच्याकडे व्हिन्क्रिस्टीन ५० मिलीच्या छोट्या पिशवीतून देतात, नर्स शेजारी उभी राहून, ५ ते १० मिनिटांत. हे औषध चुकून पाठीच्या कण्यात दिलं तर माणूस जातो, म्हणून आता सिरिंजऐवजी पिशवी वापरा असंच सांगितलं जातं.

आता गळल्यावरचं. पहिलं, औषध बंद. सुई काढायची नाही. अबोली, इथे तुमच्याकडे चुकलं. त्याच सुईला रिकामी सिरिंज लावून जेवढं औषध ओढता येईल तेवढं ओढायचं, मगच सुई काढायची. सलाईन ढकलून ‘बघायचं’ नाही, वरून दाबायचं नाही, चोळायचं नाही. फुगवट्याच्या कडेने पेनने रेघ मारायची, फोटो काढायचा, वेळ लिहायची. हात उंच उशीवर. डॉक्टर तिथे येऊन बघणार, फोनवर नाही.

डॉक्सोरुबिसिनसाठी शिरेतून देतात असं एक औषध आहे, डेक्सरेझोक्सेन. पहिला डोस ६ तासांच्या आत, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. गळालेल्या जागेपासून लांब, मोठ्या शिरेतून. त्याआधी १५ मिनिटं बर्फ काढून ठेवावा लागतो. दुसरा मार्ग डीएमएसओ नावाचं द्रव वरून लावण्याचा, पण ही दोन्ही एकत्र नाहीत. व्हिन्क्रिस्टीनसाठी हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं त्या जागेभोवती. कोणाला काय, हे डॉक्टर ठरवतील. पण “६ तासांच्या आत द्यायचं ते औषध तुमच्याकडे आहे का?” एवढं विचारायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

आणि एक लिहून टाकते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून झालं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अकरा खुर्च्या. आजी म्हणाल्या, “बाळा, हात जड झाला.” मी म्हटलं, “दोनच मिनिटं आजी.” ती दोन मिनिटं मी अजून विसरलेले नाही. त्यांचा हात मलमपट्टीवर भरला, ऑपरेशन लागलं नाही. पण तेव्हापासून लाल औषध देताना मी फोन घेत नाही, कोणी हाक मारली तरी मान वळवत नाही.

स्पष्टवक्ता | ९ जून, सायंकाळी ६.४५

सिस्टर, प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण अबोलींच्या आईंच्या बाबतीत हा निष्काळजीपणा आहे आणि तसं म्हटलंच पाहिजे. गळती चांगल्या हातूनही होऊ शकते, मान्य. पण सुई काढून टाकणं, डॉक्टरने न बघणं, घरी पाठवताना पुन्हा कधी यायचं ते न सांगणं, याला काय म्हणायचं? ग्राहक आयोगात जा.

अबोली_स | ९ जून, रात्री ९.१०

स्पष्टवक्ता, राग मलाही आहे. डिस्चार्जच्या कागदावर ‘आऊट झालं’ याचा एक शब्द नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तक्रारीत तेच पहिलं लिहिलंय. पुढचं वकिलांशी बोलून ठरवू, तो विषय इथे नको.

नंदाताई, वरच्या भोकांबद्दल वाचून मी आईचे तेव्हाचे फोटो काढून बघितले. कोपराखाली दोन कापसाच्या चिकटपट्ट्या दिसतायत. बराच वेळ बघत बसले.

ऊन_पाऊस | १० जून, पहाटे ३.००

मी इंग्लंडमध्ये केमो युनिटमध्ये काम करते, मूळची साताऱ्याची. आमच्याकडे युनिटमध्ये यासाठी एक तयार पेटी ठेवलेली असते : सिरिंजा, मार्कर, गार-गरम पॅक, औषधं आणि कोणत्या औषधाला काय करायचं याचा तक्ता. गळती झाली की शोधाशोध नाही. भारतात जिथे ही पेटी नसेल तिथे निदान तो तक्ता भिंतीवर लावता येईल, त्याला खर्च काहीच नाही.

एक भर. लाल औषध देताना काहींना शिरेच्या रेषेत लाली येते, खाज सुटते, गांधी उठतात. दुखत नाही, सूज नाही, बॅकफ्लो व्यवस्थित असतो आणि बहुतेक वेळा तासाभरात मावळतं. ती ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया, गळती नव्हे. पण हा फरक नर्सने थांबून, बघून ठरवायचा. घरच्यांनी मनाशी ठरवून गप्प बसायचं नाही. आणि लघवी एक-दोन दिवस लाल होते त्याला घाबरू नका, तो औषधाचा रंग.

सुरंगी | १० जून, सकाळी १०.३०

पोर्ट, म्हणजे कातडीखालची मोठ्या शिरेला नळीने जोडलेली डबी, बसवला की प्रश्न मिटला, असं कुणी समजू नका म्हणून लिहितेय. माझा पोर्ट छातीवर डाव्या बाजूला आहे. आठव्या वेळी खोकल्याचा जोराचा ठसका आला आणि सुई पोर्टमधून सरकली. कॉलरखाली ओलसर, मग झोंबायला लागलं. सिस्टरने ताबडतोब बंद केलं. माझं नशीब, तेव्हा नुसतं सलाईन चालू होतं. पोर्ट हातापेक्षा कितीतरी बरा, शंकाच नाही, पण तिथेही बॅकफ्लो बघायचा आणि तिथेही बोलायचं. सैल गळ्याचा, पुढे बटणांचा कुडता घाला, म्हणजे सुईची जागा सगळ्यांच्या नजरेसमोर राहते.

रानवारा | १० जून, दुपारी १.००

अजून एक शंका. पहिल्या वेळी सकाळी ॲलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शनं दिल्यावर बाबा दिवसभर गाढ झोपले होते. झोपेत चुरचुरलेलं कसं कळणार?

सिस्टर_नंदा | १० जून, दुपारी १.२५

अगदी योग्य शंका. रिटुक्सिमॅब, म्हणजे आर-चॉपमधलं ‘आर’, त्याच्या आधी ती इंजेक्शनं देतात, गुंगी येतेच. म्हणून लाल औषध लागताना त्यांना उठवा, पाठीला उशी द्या, बोलतं ठेवा. हात चादरीबाहेर, बाही वर. तेवढा वेळ तुम्ही हाताकडे बघत बसा, मोबाईल खिशात. आणि सिस्टरला आधीच गोड शब्दांत सांगा, “मागच्या वेळी पंजावर होती, यावेळी कोपराखाली बघाल का?” मदत मागितली तर बहुतेक जणी ऐकतात. शीर सापडत नसेल तर आदल्या दिवशी भरपूर पाणी, आणि टोचण्याआधी हात कोमट पाण्यात. दोन प्रयत्न फसले की तिसऱ्याला दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवा म्हणा.

घरी गेल्यावरही पुढचे काही दिवस रोज त्या जागेचा फोटो, त्याच उजेडात. लाली पसरली, दुखणं वाढलं, फोड आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघायचं.

मृदगंध | १० जून, सायंकाळी ५.४०

डॉक्टर, कोरफडीबद्दल समजलं, चुकीचं सुचवलं होतं. मामींना फोन केला होता. त्यांची जखम भरलीय पण अंगठा पूर्ण वळत नाही. आता काही होऊ शकतं का?

घाटमाथा | १० जून, रात्री १०.५०

होऊ शकतं. व्रण आखडला असेल तर आधी फिजिओथेरपी आणि स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, त्याने भागलं नाही तर व्रण सोडवण्याचं ऑपरेशन. हात बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, जवळच्या प्लास्टिक सर्जनला दाखवा. केमो चालू असेल तर ऑन्कोलॉजिस्टशी बोलून वेळ ठरवायची.

अबोली_स | ११ जून, सकाळी ७.१५

मृदगंध, आईच्या व्यायामाचं सांगते, मामींना उपयोग होईल. फिजिओथेरपिस्टने स्पंजचा चेंडू दिला होता, तो आईने दोन दिवसांत कोपऱ्यात टाकला. मग मी कणकेचा गोळा हातात दिला. रोज सकाळी कणीक उजव्या हाताने भिजवते आणि शेवटचा गोळा डाव्या मुठीत दाबत बसते, बोटांचे ठसे मोजते. आधी दोन उमटायचे, आता चार. करंगळी अजून मागे आहे. जिथे मांडीची कातडी लावलीय तिथे रंग वेगळा, आणि गार-गरम कळत नाही, म्हणून तवा उचलताना आम्ही ओरडतो.

उरलेली केमो पोर्टमधून झाली, पॅक्लिटॅक्सेल या पुढच्या औषधाच्या बारा आठवड्यांसकट. सहाव्या का सातव्या आठवड्यात ती अचानक मोठ्याने म्हणाली, “सिस्टर, इथे ओलं लागतंय, बघा जरा.” सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. त्यांनी पंप थांबवला, पट्टी उघडली, बॅकफ्लो घेतला. सगळं ठीक होतं, पुसताना राहिलेलं स्पिरिट होतं. आई म्हणाली, “उगाच त्रास दिला.” सिस्टर म्हणाली, “मावशी, दर वेळी द्या.”

रानवारा, आज बाबांची सायकल ना? पोचलात की कळवा.

रानवारा | ११ जून, रात्री ११.३५

आत्ता घरी आलो. वही नेली होती, नावं आणि वेळा लिहिल्या. सिस्टर नवीन होत्या, पंजाच बघत होत्या, मी विनंती केली तर त्यांनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं. कोपराखाली पहिल्याच फटक्यात शीर मिळाली. लाल औषध सुरू असताना बाबांना गावच्या विहिरीची गोष्ट सांगायला लावली, झोपू दिलं नाही. मध्येच म्हणाले, “ताणल्यासारखं वाटतंय रे.” मी तोंड उघडायच्या आत सिस्टरनी हात थांबवला. रक्त येत होतं, सूज नव्हती, चिकटपट्टी घट्ट बसली होती ती सैल केली. मग पुढे दिलं. ६ तासांच्या औषधाबद्दल विचारलं, फार्मसीत आहे म्हणाले.

हाताचा फोटो काढलाय. उद्या सकाळी याच खिडकीत परत काढणार. बाबा जेवून झोपलेत.